साडेपाचचे फोटो

घरात ती आत्या, ऑफिसात ताई आणि पाठ वळली की फूटपट्टी. हे शेवटचं नाव तिच्या कानावर आलेलं होतं, पण तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा विभागात हाताने नकाशे काढलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार. कॉम्प्युटर आले तसा तिचा ड्रॉइंग बोर्ड खिडकीजवळून भिंतीजवळ गेला, भिंतीजवळून बोळात गेला, आणि बोळात गेल्यावर लोक त्याच्यावर डबे ठेवू लागले. तिने बोर्डावर दोनदा चिठ्ठी चिकटवून पाहिली. डबे चिठ्ठीवर आले.

त्यामुळे नव्या इंजिनियर साहेबांनी बोलावून तिला समुद्रावर जायला सांगितलं, तेव्हा तिने त्याचा सरळ अर्थ लावला. आपल्याला अडगळीतून काढून उन्हात ठेवतायत.

"शिक्षा नाही ताई, काम आहे," साहेब म्हणाले. किनाऱ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला फरशी घालायची, बाकं टाकायची, कुंपण करायचं असा पालिकेचा बेत होता. त्याआधी लोक ही एवढी मोकळी वाळू वापरतात तरी कशी, ते बघायचं होतं. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सात, दर अर्ध्या तासाने तीन फोटो. एक डावीकडचा, एक समोरचा, एक उजवीकडचा. जागा हलवायची नाही, कॅमेऱ्याची उंची बदलायची नाही. असे चोवीस दिवस. "चेहरे नकोत. कोण आहे ते नको मला, काय करतंय ते हवंय."

"समुद्रावर लोक हवा खातात," आत्या म्हणाली.

"तसं लिहून द्या. पण चोवीस दिवसांनी."

घरी जाऊन हे कुणाला सांगावं, तर घरी कुणी नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी दादाने बदली मागून घेतली होती आणि तो आणि वहिनी भाचीच्या कॉलेजच्या गावी राहायला गेले होते. आत्याची नोकरी इथे, म्हणून आत्या इथे. ज्या तीन खोल्यांत एकोणीस वर्षं चार माणसं एकमेकांच्या पायात पायात आली, तिथे आता ती एकटी होती. अजून बाथरूममध्ये जाण्याआधी ती दारावर टकटक करायची. टकटक करून झाल्यावर तिच्या ध्यानात यायचं. रविवारी फोन यायचा. भाची म्हणायची, "आत्या, माझी खोली वापर की आता, तिकडे वारा येतो." आत्या हो हो म्हणायची आणि झोपायची स्वयंपाकघराला लागून असलेल्या आपल्या अरुंद कॉटवरच.

पहिले तीन दिवस तिने रागाने काम केलं. साहेबांच्या माणसांनी वाळूत, पाणी आणि पायऱ्या यांच्या साधारण मध्यावर एक लोखंडी खुंटी ठोकून दिली होती. तिच्यावर ट्रायपॉड मांडायचा, घड्याळ बघायचं, तीनदा बटण दाबायचं आणि पुढचा अर्धा तास छत्री धरून उभं राहायचं. किनारा अफाट होता. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला अगदी लांब एक जुनी होडी पालथी पडलेली, पाठीमागे रस्त्याकडे चढणाऱ्या पायऱ्या. बाकी नुसती वाळू. ओहोटी लागली की पाणी इतकं मागे जायचं की समुद्र आज सुटीवर आहे असं वाटावं.

चौथ्या दिवशी मात्र ती बघायला लागली. ऑफिसात बसून फोटो मोठे करायचे आणि प्रत्येक माणूस नकाशावर ठिपक्याने दाखवायचा, हे कामाचं दुसरं अर्धं होतं. कॉम्प्युटरवर ते कसं करायचं हे तिला शिकवायला एक मुलगी दिलेली होती, पण आत्याने बोळातला बोर्ड पुसून घेतला, ट्रेसिंग पेपर ताणून लावला आणि किनारा हाताने काढला. चालणाऱ्यांना निळा ठिपका, बसणाऱ्यांना लाल, काहीतरी काम घेऊन आलेल्यांना हिरवा. तिची अटकळ होती की लाल ठिपक्यांनी कागद भरेल. भरला हिरव्यांनी.

हवा खायला येणारे होतेच, पण त्यांच्याहून जास्त होते ते घरात मावत नाही ते घेऊन आलेले. एक गृहस्थ रोज पहाटे खडकांपाशी ट्रम्पेट वाजवायचा. घरी वाजवलं की शेजारी भिंतीवर ठोकतात, असं त्याने तिला सांगितलं. ओल्या घट्ट वाळूवर मोटर ड्रायव्हिंग शाळेची गाडी दिवसभर मागे-पुढे करायची, कारण इथे धडकायला काही नव्हतं. एक वकिलीचा विद्यार्थी समुद्राला 'महाराज' म्हणून युक्तिवाद करायचा आणि मध्येच थांबून कागद बघायचा. हॉटेलातला एक वाढपी दुपारी तीनला येऊन तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपायचा आणि पावणेपाचला कुणी न उठवता उठायचा. दोन बहिणी गालिचा घेऊन यायच्या आणि दोन टोकांना धरून झटकायच्या. त्यांचं जे काही भांडण होतं तेही त्या तिथेच झटकून जायच्या.

आणि एवढ्या मोकळ्या जागेत मधोमध म्हणून कुणी बसत नव्हतं. माणसाला टेकायला काहीतरी लागतं, निदान जवळ उभं असलेलं काहीतरी. खुंटी ठोकल्यापासून ते काहीतरी म्हणजे आत्या झाली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत लोक एकमेकांना "कॅमेऱ्यापाशी भेट" असं सांगायला लागले. पाण्यात जाणारे तिच्या पायाशी चपला काढून ठेवू लागले. आधी विचारून, मग न विचारता. कुणी तिचं नाव विचारलं नाही. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही; खांबाला कुणी नाव विचारत नाही. पण संध्याकाळी ट्रायपॉड मिटताना, दिवसभरात आपण किती बोललो ते ती मनात आठवून बघायची, आणि ते सगळं "हो", "ठेवा", "साडेचार झाले" एवढ्यावर यायचं.

नवव्या दिवशी पाचच्या सुमारास एक चाळिशीची बाई पायऱ्या उतरून आली. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात एका म्हाताऱ्याचा दंड. अंगात उंच कॉलरचं हिरवं जाकीट. तिने खुर्ची आत्याच्या शेजारी मांडली, म्हाताऱ्याला बसवलं आणि मग आत्याकडे वळली.

"ताई, तुम्ही अजून तासभर आहात ना इथे? माझ्या सासऱ्यांना बसू द्याल का तुमच्याजवळ? मला खांद्याचे व्यायाम सांगितलेत, वर रस्त्यावर दवाखाना आहे. घरी एकटं ठेवता येत नाही हो त्यांना. मागच्या महिन्यात इस्त्री चालू ठेवून झोपले."

"एकदाच झालं ते," म्हातारा म्हणाला.

"एकदाच घर जळतं, बाबा."

आत्याने बसवा म्हटलं. सून पायऱ्या चढून गेली. म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि बराच वेळ समोर बघत राहिला. मग म्हणाला, "तो बघा, राखाडी कोटवाला. कोट त्याचा नाही."

"कशावरून?"

"खिसा शोधतोय. स्वतःच्या कोटाचा खिसा कुणी शोधत नाही."

तो शिंपी होता. पन्नास वर्षं पुरुषांचे कपडे शिवलेले. वर रस्त्यावर त्याचंच दुकान होतं, आता मुलगा तिथे तयार कपडे विकायचा. दुसऱ्या दिवशी सून त्याला परत घेऊन आली, तिसऱ्या दिवशीही, आणि मग ते ठरूनच गेलं. पाच ते सहा, कधी सव्वासहा. आत्या त्याला काका म्हणू लागली. काका तिला बाई म्हणायचा.

काकाला लांबचे चेहरे दिसत नसत, पण माणूस कसं उभं आहे ते दिसायचं. ड्रायव्हिंग शाळेचा मास्तर एका कुशीवर झोपतो. वकील होणारा तो पोरगा अजून वडिलांचे बूट घालतो. ट्रम्पेटवाला पूर्वी जाड होता. खरं-खोटं देव जाणे, पण आत्याला ते ऐकायला मजा यायची. "मापाला आले की सगळे पोट आत घेतात," काका म्हणाला. "मी माप घ्यायच्या आधी एखादी गंमत सांगायचो. हसले की पोट बाहेर यायचं, मग टेप लावायचो. माझ्या पँटी कधी घट्ट झाल्या नाहीत."

आत्या मोठ्याने हसली. हसून झाल्यावर तिलाच तो आवाज अनोळखी वाटला.

एकदा त्याने तिच्याकडेच बघितलं. बघितलं म्हणजे मान तिरकी करून, माप घेतल्यासारखं. "तुमचा उजवा खांदा बोटभर खाली आहे. टेबलाशी वाकून काम करता?"

"ड्रॉइंग बोर्ड. एकतीस वर्षं."

"तयार कपडे घेता म्हणून ओढल्यासारखं दिसतं. शिंप्याला सांगा, उजवीकडे थोडी भर घालायला." मग जरा थांबून, "सूनबाईंच्या जाकिटाची कॉलर बघितलीत? आयुष्यात बाईमाणसाचं मी शिवलेलं तेवढं एकच. तिच्या मानेला वारा सोसत नाही, म्हणून उंच ठेवली. मागून दुमडून दुहेरी शिवली आहे, असं कुणी करत नाही."

त्या रात्री जेवण झाल्यावर आत्या आरशापुढे उभी राहिली. खांदा खरंच खाली होता. एकोणीस वर्षं चार माणसांच्या घरात राहिली, पण हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

अठराव्या दिवशी साहेब तिच्या बोर्डापाशी आले. चोवीस दिवस संपले की शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सभा होती. रस्त्यावरचे सगळे दुकानदार, फिरायला येणारे, कोणीही येणार होतं, आणि तिथे मोठे फोटो लावायचे होते. हॉलच्या दारात लावायचा फोटो साहेबांनी निवडला होता. त्यांनी तो पडद्यावर मोठा करून दाखवला. उजवीकडचा, साडेपाचचा. अख्खी रिकामी वाळू, टोकाला पालथी होडी आणि होडीच्या समुद्राकडच्या अंगाला खांदा टेकून बसलेलं एक माणूस.

"केवढी जागा आणि केवढंसं माणूस. एका फोटोत सगळं आलं, ताई."

आत्या बघत राहिली. तो ठिपका तिनेच नकाशावर लाल शाईने मांडला होता, एखादा कोळी असेल म्हणून. आता मोठं केल्यावर हिरवं जाकीट दिसत होतं. माणूस पाठमोरं होतं आणि मानेमागे कॉलर दुमडून उभी होती.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर तिने आधीच्या सगळ्या दिवसांचे उजवीकडचे फोटो काढले. नऊ दिवस, नऊ वेळा. सून पायऱ्या चढून वर जायची, रस्त्याने तशीच पुढे जाऊन पलीकडच्या टोकाला उतरायची आणि होडीआड बसायची. रस्त्यावरून ती दिसली नसती. वाळूत उभ्या कॅमेऱ्याला दिसली. दवाखान्याचा पत्ता नव्हता. आत्याला आधी राग आला. मला काय पाळणाघर समजली, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने फोटो एकेक करून मोठा केला. बरोबर कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. हातात फोन नव्हता, पुस्तक नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन ती बसलेली असायची. एका फोटोत ती वाळूवर उताणी पडली होती, दोन्ही हात पसरून, जसं कुणी स्वतःच्या पलंगावर, दार लावून घेतल्यावर पडेल. त्या फोटोपाशी आत्या बराच वेळ बसली. तिच्याकडे तीन रिकाम्या खोल्या होत्या आणि तिला असं पडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं की तो फोटो नको.

"का? चेहरा कुठे दिसतोय?"

"ओळखणाऱ्याला पाठीवरून कळतं. आणि ओळखणारा सभेला येणार आहे. त्या बाईचं काही वाईट नाही साहेब, पण ते तिचं आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत तिने कुठल्या साहेबाला काही नको म्हटल्याचं ऑफिसच्या ऐकिवात नव्हतं. "बरं," ते म्हणाले, "गाडी शिकणाऱ्यांचा लावू."

झालं. एवढ्यावर ते मिटलं होतं. आत्याने तोंड उघडलं नसतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. काका येत राहिला असता, सून होडीआड बसत राहिली असती. पण विसाव्या दिवशी सून सासऱ्यांना न्यायला आली, तेव्हा आत्या तिला चार पावलं बाजूला घेऊन गेली. का गेली, ते तिला नंतर पुष्कळदा विचार करूनही नीट सांगता आलं नसतं. सून आपला हात हातात घेईल, बरं झालं तुम्ही होतात म्हणेल, आणि मग आपण दोघी एकमेकींचं काहीतरी माहीत असलेल्या बायका होऊ, असं काहीसं तिच्या मनात होतं.

"तुमचा एक फोटो आला होता," ती म्हणाली. "होडीपाशी बसलेला. सभेत दारातच लावणार होते. मी बदलायला लावला. काळजी करू नका."

सुनेने खुर्ची मिटायला घेतली होती, ती अर्धी मिटलेलीच राहिली. "कुठला फोटो?"

"साडेपाचचा."

"एकच आहे?"

इथे हो म्हणता आलं असतं. "रोजचे आहेत," आत्या म्हणाली.

सुनेने होडीकडे एकदा पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी तिथे काही करत नाही."

"माहीत आहे मला. मी सगळे नीट बघितले ना."

हे तोंडातून गेलं मात्र, आत्याला ते परत घ्यावंसं वाटलं. सुनेचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "सगळे बघितलेत," ती म्हणाली, आत्याला नव्हे, स्वतःला सांगितल्यासारखं. तिने खुर्ची पूर्ण मिटली, काखेत मारली आणि सासऱ्यांचा दंड धरला. "चला बाबा."

"आज लवकर?" काका म्हणाला. "बाई, उद्या तो राखाडी कोटवाला आला की सांगतो तुम्हाला, मला त्याचं कळलंय."

उद्या ते आले नाहीत. परवाही नाहीत. राखाडी कोटवाला आला, उभा राहिला, गेला. चार दिवस आत्या साडेपाचला उजवीकडचा फोटो काढायची आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर होडीची कड शोधायची. होडी होती. चोविसाव्या दिवशी साहेबांची माणसं येऊन खुंटी उपटून घेऊन गेली. तिथे पडलेला खड्डा ओहोटी लागेपर्यंतही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. काही काम नसताना आत्या किनाऱ्यावर गेली आणि तिला उभं कुठे राहायचं तेच कळेना. थोडी डावीकडे चालली, थोडी परत आली. गालिचावाल्या बहिणी जवळून गेल्या, त्यांनी तिला ओळखलं नाही. कॅमेऱ्याशिवाय ती कुणीच नव्हती. घरी आली तेव्हा फोन वाजून गेलेला होता.

सभेला हॉल भरला. दुकानदारांना फरशी हवी होती, सकाळी चालणाऱ्यांना नको होती, आणि ड्रायव्हिंग शाळेचा मास्तर उभा राहून म्हणाला की कुंपण घातलंत तर त्याला धडकायची जबाबदारी माझी नाही. हॉल हसला. आत्याचा नकाशा एका भिंतीवर लावला होता. साहेबांनी मुद्दाम सांगितलं की हा ताईंनी हाताने काढलाय. सभा संपल्यावर लोक त्याच्यापुढे गर्दी करून आपापला ठिपका शोधायला लागले. "हा मी," वकील होणारा पोरगा म्हणाला, "नाही, हा." शेवटी ठरलं ते असं की बाकं रस्त्याच्या कडेलाच टाकायची, वाळूला हात लावायचा नाही, कुंपणाचं पुढे बघू. म्हणजे एकंदरीत बरंच झालं. आत्या नकाशाशेजारी उभी होती आणि हे बरं झाल्याचं कुणाला सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या बाजूला एक माणूस येऊन उभा राहिला. डावा खांदा उतरता, मान तिरकी करून बघण्याची तीच तऱ्हा. हा काकाचा मुलगा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा कसे आहेत?" ती बोलून गेली.

त्याने चमकून पाहिलं. "तुम्ही कशा ओळखता बाबांना?"

समुद्रावर म्हटलं तर सून तेव्हा कुठे असायची, ते आलंच. एकदा बोलून घालवलं होतं, आता दुसऱ्यांदा घालवायची वेळ आली होती. "जुनी गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली.

"असं होय. अहो, मग या की घरी. त्यांना बोलायला कुणी नसतं. मी दिवसभर दुकानात, आणि आमच्या हिचा हल्ली मूड नसतो, समुद्रावरसुद्धा नेत नाही त्यांना. दुकानाच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला." त्याने पत्ता तिच्याच नकाशावर बोट ठेवून दाखवला.

तीन दिवस आत्या जाऊ की नको करत राहिली. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर गेली. दार सुनेने उघडलं. तिने आत्याला पाहिलं आणि दार तेवढंच उघडं ठेवलं, पुढे नाही, मागे नाही.

"सभेत तुमचे मिस्टर भेटले," आत्या घाईने म्हणाली. "त्यांनीच बोलावलं."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"जुनी गिऱ्हाईक आहे म्हणून."

सून तिच्याकडे बघत राहिली. "बाबांनी बायकांचे कपडे कधी शिवलेच नाहीत."

हे आत्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ती जिन्यात तशीच उभी राहिली. "मग... भावाचे शिवले म्हणते," ती म्हणाली.

सुनेच्या ओठांचा एक कोपरा हलला. दार उघडलं गेलं. "चपला आत काढा, बाहेर कुत्री नेतात."

घर म्हणजे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काकाचा पलंग, शिलाई मशीन, कपड्यांची बोचकी, मुलांच्या शाळेची दप्तरं आणि भिंतीला टेकवलेली ती घडीची खुर्ची. मागच्या खोलीत स्वयंपाकघर, आणि त्यातच रात्री बाकीचे चौघं झोपत असणार, कारण गाद्या तिथे एकावर एक रचलेल्या होत्या. मुलं गल्लीत खेळत होती. दार लावून घेता येईल अशी जागा त्या घरात नव्हती.

"बाई," काका पलंगावरून म्हणाला. "कॅमेरा कुठाय?"

"जमा केला."

"तो राखाडी कोटवाला. कोट त्याच्या भावाचा आहे, भाऊ गेलेला असणार. खिसा शोधत नव्हता तो. आत हात घालून ठेवायचा."

आत्या म्हणाली, असेल. सून स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. चहा आला. आत्या कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी सांगायला नको होतं," ती म्हणाली.

सून पाठमोरीच होती. "फोटो बदललात ते चांगलं केलंत. पण मग सांगितलंत कशाला? मला माहीत नसतं तर मी जात राहिले असते. आता तिथे बसलं की कुणीतरी बघतंय असंच वाटणार."

आत्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "तुमच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

सुनेने नळ बंद केला. "तुमच्या घरी कोण कोण आहे?" तिने विचारलं.

"मीच."

"किती खोल्या?"

"तीन."

ओट्यावरचं फडकं सुनेने पिळलं, पसरलं, परत पिळलं. आत्या निघाली तेव्हा काका झोपेला आला होता आणि सुनेने "येत जा" असं म्हटलं नाही. आत्या जिन्यात क्षणभर रेंगाळली, मग उतरली.

आठवडाभर तिने स्वतःला समजावलं की कुणी बोलावलेलं नसताना जाऊ नये. तरी पुढच्या गुरुवारी ती गेली. तिने दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. सून हिरवं जाकीट घालून, खांद्याला पर्स अडकवून उभी होती.

"सहाला येते," ती म्हणाली. "कदाचित सव्वासहा. होडीकडे नाही जात आता. खडकांच्या पलीकडे एक जागा आहे." आणि आत्याने विचारलं नव्हतं तरी, "तिथून कुठलाच फोटो येत नाही, मी बघून आले," असं म्हणून ती जिना उतरली.

आत्या आत आली. काका भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. तिने खुर्ची उघडली, त्याच्या पलंगाशेजारी मांडली आणि बसली. काका काही जागा झाला नाही. पंखा फिरत होता, गल्लीत मुलं ओरडत होती, मशीनवर अर्धवट उसवलेला एक शर्ट पडला होता. करायला काही नव्हतं आणि कुणाशी बोलायचंही नव्हतं. दुसऱ्याच्या घरात ती पाऊण तास तशी बसून राहिली, आणि मधे एकदा पांघरूण घसरलं ते तिने काकाच्या खांद्यावर नीट केलं.